रझिया, त्या पेपरात तू मला शब्द विचारला नव्हतास

रझिया, आधी माफी मागते. तुझ्याविषयी लिहिण्याचे धाडस मी करावे, असे माझ्याकडे काही नाही. आपल्या शाळेच्या वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पाने द्यायची ठरले, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी तुझी बत्तीस वर्षांची सहकारी, शिवाय माजी मुख्याध्यापिका. आताच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तुम्हीच लिहा. तुमची मराठी किती सुरेख आहे!" माझ्या सहीने गेलेले प्रत्येक पत्र, गॅदरिंगमधले माझे प्रत्येक भाषण आधी तुझ्या टेबलावरून जात असे, आणि तुझी लाल पेन्सिल फिरल्यावरच ते माझे होत असे. ज्या मराठीचे कौतुक झाले ती तुझी होती. एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा कोणाला न दाखवता लिहीत आहे. वाक्य कुठे मोडले, शब्द कुठे चुकला, ते सांगायला तू नाहीस. मला भीती वाटते.

भीतीचे खरे कारण मात्र वेगळे आहे आणि ते तुला ठाऊक आहे.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. सोमवारी शाळेत शोकसभा झाली. तुझी लेक नसरीन पहिल्या रांगेत बसली होती, डोक्यावर ओढणी घेऊन, मान खाली घालून. मुख्याध्यापिका बोलायला उठल्या. त्यांच्या मनात तुझ्याविषयी आदरच आहे, हे मी आधी सांगते. त्या म्हणाल्या, "रझियाबाईंना सुरुवातीला मराठी मुळीच येत नव्हती. एकदा तर विद्यापीठाच्या मराठीच्या परीक्षेत शेजारणीला उत्तर विचारताना त्या पकडल्या गेल्या. पण बाई खचल्या नाहीत. जिद्दीनं मराठी शिकल्या, आणि आयुष्यभर मराठी माध्यमाच्या मुलींना भूगोल शिकवला. मुलींनो, यातून काय शिकायचं?"

मुली गंभीर चेहऱ्याने ऐकत होत्या. नसरीनने मान वर केली नाही.

ती शेजारीण मी होते. त्या सभागृहात हे ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि मी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले होते. हातातला पाण्याचा पेला खाली ठेवताना तो बशीवर वाजला. माझ्याकडून तेवढाच आवाज झाला.

अंक वाचणाऱ्या मुलींना त्या काळाची कल्पना नसेल, म्हणून थोडे सांगते. तू कंटाळशील. "अगे, मुद्द्यावर ये," असे म्हणशील.

आपण दोघी शिकलो ती निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, इतिहासही उर्दूत. तू शहरातल्या शहागंजातली, घरात दखनी उर्दू बोलणारी. मी देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातली, मावशीकडे राहून शिकणारी. घरात मराठी, आणि तीही आमच्या गावची. बोलायला मराठी, लिहायला उर्दू, अशी माझी गत होती. दादाला मी मराठीत पत्र लिहीत असे, पण उर्दू लिपीत, आणि गावात ते वाचून घ्यायला त्याला पाटलांच्या कारकुनाकडे जावे लागे. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले. काही वर्षांत शाळा मराठी झाली. आपण दोघी तोवर तिथेच शिक्षिका होतो, आणि नोकरी टिकवायची तर बी.ए. व्हायला हवे होते.

विद्यापीठाचा नियम असा होता, की उर्दू माध्यमातून आलेल्या उमेदवाराने मराठीचे पुरेसे ज्ञान असल्याचे सिद्ध केल्याशिवाय त्याला पदवी द्यायची नाही. एक तर दोन सत्रे वर्गात बसा, किंवा एकच परीक्षा द्या. परीक्षेत उत्तीर्ण झालात तर तो विषय पूर्ण झाला असे धरले जाई आणि वर्गाची गरज उरत नसे. आपण दिवसभर शाळेत शिकवणाऱ्या बायका. आपल्याला परीक्षेचाच मार्ग होता.

त्यावरून तू किती भांडायचीस! "ज्याला येतं, त्याला परत विचारायचं कशाला? आणि तुझी तर मादरी जबान आहे. आईनं दिलेल्या भाषेची परीक्षा देणार तू?" मी म्हणायचे, नियम तो नियम. तू म्हणायचीस, "तुला कुणी विहिरीत उडी मार म्हणून जीआर काढला, तर तू खोली विचारशील फक्त."

देवनागरी आपण दोघी मधल्या सुट्टीत, भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत शिकलो. तू आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचीस आणि मग त्यांना अक्षरे लटकवायचीस. "दोरी बांधली, आता कपडे वाळत घालते." तुझे कपडे सरळ वाळत. माझे लोंबत. आपल्याला शुद्ध मराठी लिहायची होती, म्हणून मी माझ्या निबंधातून एकेक परका शब्द खोडत बसले होते: अर्ज, हजर, तारीख, जमीन. तू वहीत डोकावून हसलीस. "माझे सगळे शब्द काढून टाकलेस, तर तू मंडईत मुकी उभी राहशील, सुमन." सहा महिन्यांत तुझी मराठी माझ्यापुढे गेली. मला त्याचे वैषम्य वाटले का? थोडे वाटले. आज लिहून टाकते.

परीक्षेच्या आधी दादा गावाहून आला होता. मावशीच्या ओट्यावर बसून त्याने सांगितले, "एक डाव बस म्हणतो मी. जमलं तर जमलं. नाय तर सामान बांध अन् घरला ये. लई झालं शिकणं." तू तेव्हा दारात उभी होतीस. तू ऐकलेस. तू ऐकले नसतेस, तर पुढचे घडले नसते असे मला अनेकदा वाटते.

त्या दिवशी सकाळी माझे तळहात इतके घामेजले होते, की दौतीचे झाकण उघडेना. तू उघडून दिलेस. आपले अर्ज शाळेने एकत्र पाठवले होते, म्हणून क्रमांकही लागून आले. तू माझ्या डावीकडच्या रांगेत, अर्ध्या बाकाने मागे होतीस. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका वाटल्या, पहिल्या पानावर क्रमांक लिहायला लावला आणि प्रश्नपत्रिका येईपर्यंत उत्तरपत्रिका पालथी ठेवण्यास सांगितले. मग सूचना वाचून दाखवल्या. उत्तर पहिल्या पानापासूनच सुरू करावे. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी कोणतीही खूण अथवा वेगळेपणा आढळल्यास ती रद्द होईल. त्यांचा आवाज कोरडा होता. मी प्रत्येक शब्द ऐकला आणि प्रत्येक शब्दाला भ्याले.

घंटा झाली. समोर पालथी वही होती, शिवण उजव्या हाताला. आपल्या शाळेतली प्रत्येक वही, प्रत्येक पुस्तक असेच तर समोर यायचे. माझ्या हाताने लहानपणापासून जे केले तेच केले. डावी कड उचलून वही उघडली आणि शेवटच्या पानावर मी निबंध सुरू केला. अक्षरे डावीकडून उजवीकडे जात होती. वही मात्र उर्दूची झाली होती. दीड पान लिहून झाले तरी मला कळले नाही.

तुला दिसले. तू आधी खोकलीस. मग पेन्सिल पाडलीस. मी वर पाहिले नाही, कारण वर पाहण्याचीही मला भीती होती. शेवटी तू हलक्या आवाजात म्हणालीस, "सुमन, वही उलटी."

"कोण बोललं?"

तो आवाज आजही माझ्या कानात तसाच आहे. पर्यवेक्षक आपल्या रांगांमध्ये येऊन उभे राहिले. तोवर मी वही उलटली होती आणि पहिल्या पानावर हात ठेवून बसले होते. तू उभी राहिलीस.

"मी बोलले, सर."

"काय बोललात?"

खरे सांगितले असतेस, तर त्यांनी माझी वही हातात घेतली असती, शेवटची पाने पाहिली असती, आणि वेगळेपणा म्हणून ती बाजूला ठेवली असती. तू माझ्याकडे पाहिलेही नाहीस.

"एक शब्द अडला होता, सर. तिला विचारला."

"मराठीच्या परीक्षेत मराठी विचारता? मग परीक्षा कशाला देता, बाई?"

मागून कोणी तरी हसले. दोघेतिघे हसले. तुझी उत्तरपत्रिका त्यांनी उचलली तेव्हा मला दिसले, की तिची दोन पाने भरली होती आणि अक्षरे दोरीवरच्या कपड्यांसारखी सरळ होती. तू दौतीला झाकण लावलेस, पदर नीट केलास आणि निघून गेलीस.

त्यांनी मला विचारले, "तुम्ही सांगितला का शब्द?"

मी मान हलवली. नाही. ते पुढे गेले. मी शेवटच्या पानांवर एक बारीक तिरकी रेघ मारली, कच्चे काम म्हणून, आणि पहिल्या पानावर निबंध नव्याने लिहिला. मी उत्तीर्ण झाले, रझिया. बावन्न गुणांनी.

तुला विद्यापीठाचे पत्र आले ते शहागंजातल्या दुकानाच्या पत्त्यावर. तुझे अब्बा पुस्तके बांधायचे. राज्य बदलल्यावर त्यांच्या हातालाही नवी सवय करावी लागली होती. तोवर शिवण उजवीकडे, आता डावीकडे. त्यांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी ते पत्र तुझ्यापुढे धरले आणि तू ते त्यांना एक शब्दही न गाळता त्यांच्या भाषेत वाचून दाखवलेस: उमेदवाराने स्वतः कबूल केल्यावरून एक वर्षासाठी परीक्षेस बंदी. मग तू त्यांना म्हणालीस, "मैं नहीं पूछी, अब्बा." ते म्हणाले, "फिर लिखे कायकू?"

हे तू मला नकाशांच्या खोलीत सांगितलेस. आणि माझ्याजवळ एकच गोष्ट मागितलीस. सगळ्या आयुष्यात तेवढी एकच.

"विद्यापीठाला नको सांगू. शाळेला नको. फक्त अब्बांना सांग. मी सांगितलं तर ते तडक तिकडं भांडायला जातील आणि तुझं सगळं जाईल. तू स्वतः जाऊन सांगितलंस, तर तुझी अब्रू म्हणून गप्प राहतील. माझ्या अब्बांना मी ओळखते. ते जेवत नाहीत, सुमन."

मी हो म्हटले. पण निकाल लागायचा होता. निकाल लागल्यावर गुणपत्रक हातात यायचे होते. गुणपत्रक आल्यावर पदवीदान व्हायचे होते. दर वेळी मला वाटे, एवढे होऊ दे, मग जाते. शहागंजाच्या बाजूने जायचे टाळण्यासाठी मी लांबच्या रस्त्याने शाळेत येऊ लागले.

शेवटी एका रविवारी गेले. घरून निघताना हातात एक पुस्तक घेतले, मराठी निबंधांचे, पाठ सुटलेले. ते का घेतले, हे मला तेव्हाही माहीत होते. बोलायचे धैर्य झाले नाही तर दुकानात येण्याचे काही कारण असावे.

अब्बा खळ ढवळत बसले होते. मला पाहून उठले. "आओ बेटी, बैठो." पुस्तक त्यांनी हातात घेतले, पाठीवरून अंगठा फिरवला. "इसकू तो सिलाईच होना." मी बसले. मनात वाक्य जुळवून आणले होते, त्यांना समजेल अशा भाषेत: चचा, रझिया कुछ नहीं पूछी, गलती मेरी थी. आठ शब्दांचे ते वाक्य होते. रस्त्याने कितीदा म्हटले असेल.

मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच विचारले, खळीच्या भांड्याकडे बघत. "तुम तो बाजू में बैठे थे, बेटी. वो सच्ची में पूछी क्या?"

त्याच वेळी शेजारच्या दुकानातले एक गृहस्थ आत आले होते आणि उभे राहून ऐकत होते. मी त्यांचे निमित्त सांगणार नाही. ते नसते तरी मी काय म्हटले असते, हे मला सांगता येत नाही.

मी म्हणाले, "हौ, चचा."

अब्बांनी मान हलवली. सुईत दोरा ओवला आणि माझ्यासमोर पुस्तक शिवायला घेतले. शिवण एका रेषेत चालली होती.

आठ दिवसांनी ते पुस्तक शिक्षिकांच्या खोलीत माझ्या टेबलावर पडले होते. तू ते उचललेस, मधोमध उघडलेस आणि शिवणीवरून नख फिरवलेस.

"अब्बांची शिलाई," तू म्हणालीस. "दुकानात गेली होतीस?"

"हो."

तू थांबलीस. मी काही तरी बोलेन म्हणून थांबलीस. मी म्हणाले, "पाठ सुटली होती पुस्तकाची."

तू पुस्तक मिटलेस, टेबलाच्या कडेला समांतर ठेवलेस. "चांगली बांधली," म्हणालीस. तास झाला म्हणून खडू घेऊन वर्गावर गेलीस. मी 'हौ' म्हटले होते, हे अब्बांनी तुला सांगितले होते का? त्याच थंडीत अब्बा गेले. मला ते कधीच कळले नाही आणि तुला विचारण्याची छाती झाली नाही. बत्तीस वर्षे तू माझ्या अर्जांमधले शब्द सुधारत होतीस आणि मी तुझा चेहरा वाचत होते: हिला माहीत आहे का? रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत येताना मी हा एक प्रश्न घेऊन आत आले आहे.

पुढच्या वर्षी तू परीक्षा दिलीस आणि त्या केंद्रावर तुझ्याइतके गुण कोणाला नव्हते. पण ते वर्ष तुझ्या सेवाज्येष्ठतेतून गेले ते गेलेच. मी तुझ्याआधी पदवीधर, म्हणून मी आधी वरच्या जागेवर आणि मग मुख्याध्यापिका. तू माझ्या हाताखाली. शिक्षिकांमध्ये कुजबुज चाले, "त्यांचं ते परीक्षेतलं प्रकरण होतं ना." मी खोलीत आले की कुजबुज थांबे, त्यांना वाटे, मैत्रिणीची निंदा मला सोसत नाही. मी कधी म्हटले नाही, की थांबा, ते खोटे आहे. माझ्या शिस्तीचे सगळे कौतुक करायचे. मुली माझ्या परीक्षेत मान वळवायलाही घाबरत. तुझ्या परीक्षेत मात्र तू बाकांमधून फिरताना म्हणायचीस, "पोरींनो, पहिलं पान कोणतं ते नीट बघून घ्या गं." मुली हसायच्या. मी व्हरांड्यात ऐकत उभी असायचे.

तरी तू मला काय दिलेस, तेही लिहायला हवे. मी गावी परत गेले नाही. दादाला मी पदवीचे पत्र लिहिले, देवनागरीत, आणि कारकुनाची गरज न पडता दादाच्या मुलीने ते वाचून दाखवले. मी स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या घरात म्हातारी झाले. ज्या दीड मिनिटात तू उभी राहिलीस, त्यावर माझे सगळे आयुष्य उभे आहे.

तू निवृत्त झालीस त्या दिवशी आपण बसथांब्यावर उभ्या होतो. तुझ्या हातात शाल आणि नारळ होता. अचानक तू म्हणालीस, "तू घाबरट आहेस, सुमन. वाईट नाहीस." मी म्हणाले, "ज्याच्यावर बेततं, त्याला यात फरक काय?" तू उत्तर द्यायला तोंड उघडलेस आणि फुलंब्रीची बस आली, लेकीकडे जायची तुला घाई होती. खिडकीतून तू हात केलास. नंतर आपण किती वेळा भेटलो, दवाखान्यातही भेटलो; त्या वाक्याकडे आपल्यापैकी कोणीच परत गेले नाही. तू काय म्हणणार होतीस? तुला फरक दिसत होता का? मला अजून दिसत नाही.

आज माझी पदवी कोणी काढून घेणार नाही, एवढे मला कळते. निवृत्तिवेतनही बंद होणार नाही. तरीही लिहिताना हात ओला होतो आणि कागद बोटांना चिकटतो. ही भीती कशाची, याचा मी चार दिवस विचार केला. ती नसरीनची आहे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहावे, याची आहे. आईविषयी तिला माहीत असलेली एकमेव वाईट गोष्ट माझी आहे, हे तिला समजण्याची आहे.

म्हणून अंकाला देण्याआधी हा लेख उद्या मी तिच्याकडे नेणार आहे. या वेळी हातात दुसरे काही घेऊन जाणार नाही. शाळेने छापायचे नाकारले तरी एक प्रत तिच्याजवळ राहील. मी तिला वाचून दाखवणार नाही. तिला मराठी माझ्याहून चांगली येते, तू शिकवली आहेस. ती वाचेपर्यंत मी समोर बसेन. ती काय म्हणेल ते ऐकेन. पळून येणार नाही, असे लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येऊ नये.

अब्बांना सांगायचे राहिले. ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

आणि हा अंक हाती घेतलेल्या तुम्हाला, मुलींनो आणि बायांनो, एकच विचारते. यापुढे तुमच्या देखत कोणी म्हणाले, की रझियाबाईंनी मराठीच्या पेपरात शेजारणीला उत्तर विचारले होते, तर तुम्ही तिथे बोलाल का?